हॅझर्डचं बटण आणि बंद पडलेले इंडिकेटर

चावी काढली तरी गाडीचे हॅझर्ड, म्हणजे एकदम लुकलुकणारे दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, कसे चालू राहतात, असं एकाने विचारलंय म्हणून लिहितो. त्या लाल त्रिकोणाच्या बटणाला करंट थेट बॅटरीवरून, फ्यूजमधून येतो. साध्या इंडिकेटरला मात्र इग्निशन, म्हणजे चावी चालू असणं, लागतं. बटण दाबलं की फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा भाग, दोन्ही बाजूंच्या दिव्यांना एकदम जोडला जातो. जुन्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंटही याच स्विचमधून पुढे जातो. माझे इंडिकेटर अचानक गेले, तेव्हा हेच बटण दहा-बारा वेळा दाबलं, आतले काळे पडलेले पॉइंट (करंट जोडणारे धातूचे टोक) घासले गेले आणि टिकटिक परत सुरू झाली.

आणि कळकळीने सांगतो, घाटात पाऊस लागला म्हणून चालत्या गाडीत हॅझर्ड लावू नका. तुम्ही कुठे वळताय, हेच मागच्याला कळत नाही.