जुन्या पिकअपला नव्या डिस्क: लोखंडी की अलॉय? सल्ला हवा

हौदा_भरून:
नमस्कार मंडळी,
माझी पहिल्या पिढीची इसुझू डी-मॅक्स आता वीस वर्षांच्या घरात आलीये. इंजिन ठणठणीत आहे, पण डिस्कनी (टायर बसतो ती चाकं, ब्रेकच्या डिस्क नव्हे) मान टाकली. मागची एक काठाला वाकलीये, दुसरीच्या कडेला एवढा गंज आहे की चार दिवसांत टायर निम्मा बसतो. पंक्चरवाल्याने दोनदा कड घासून दिली, आता मला बघितलं की तोच हात जोडतो.

सध्या लोखंडी डिस्क आहेत. १५ इंची, साडेसहा इंच रुंद, सहा नट, मागे ‘ईटी ३३’ ठोकलेलं (म्हणजे गाडीला टेकणारं सपाट तोंड रुंदीच्या मध्यापासून ३३ मि.मी. बाहेरच्या बाजूला). टायर २३५/७५ आर १५, अजून अर्धे शिल्लक.

मित्राकडे १६ इंची अलॉयचा संच पडून आहे. कुठल्या गाडीच्या ते त्यालाही आठवत नाही. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ म्हणजे माझ्याएवढाच, रुंदी ८ इंच, ईटी ०. दिसायला झकास. आठवड्यातले तीन दिवस हौद्यात ८००-९०० किलो माल असतो. घालू का?

चकाचक:
घाला की राव! गाडी दहा वर्षांनी तरुण दिसेल.

व्हर्निअर:
थांबा जरा. पीसीडी जुळला म्हणजे छत्तीस गुण जुळले असं नाही. सहा नट आणि १३९.७ मि.मी. (साडेपाच इंच) हे माप निम्म्या जगातल्या पिकअपना आहे, पण मधलं भोक प्रत्येकाचं वेगळं. हायलक्सच्या डिस्कचं १०६ च्या आसपास, रेंजरचं ९३, मित्सुबिशी एल२०० चं ६७. रेंजरची डिस्क तुमच्या हबवर (डिस्क ज्यावर बसते तो फिरता भाग) चढणारच नाही. हायलक्सची चढेल, पण सैल बसेल.

तेव्हा आधी दोन मापं घ्या: तुमच्या हबचा मधला उंचवटा आणि त्या अलॉयचं मधलं भोक. टेपने नको, व्हर्निअरने. टेपने मोजलेल्या मापावर मी एकदा डिस्क आणल्या होत्या, त्यातल्या एकीत आज कोथिंबीर लावलीये.

पीसीडीसुद्धा स्वतः मोजून खात्री करा. सहा नटांना सोपं आहे. एका स्टडची (नट बसतो त्या बोल्टची) बाहेरची कड ते समोरच्या स्टडची आतली कड, हेच मध्य ते मध्य अंतर. पाच नटांना समोर स्टडच नसतो, तिथे शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर घेऊन १.७०१ ने गुणायचं.

हौदा_भरून:
मोजलं. हब १०० ला किंचित वर, अलॉयचं भोक ११०. म्हणजे बाद?

व्हर्निअर:
त्यावरून बाद नाही. बाजारातल्या बऱ्याच सहा-नटी अलॉयचं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालतात. मधली फट भरायला हबच्या रिंगा मिळतात. रिंग वजन पेलत नाही हे लक्षात असू द्या. वजन पेलतं ते नटांच्या दाबाने डिस्क आणि हबच्या सपाट तोंडात तयार होणारं घर्षण. रिंग फक्त नट आवळेपर्यंत डिस्क मधोमध धरते. ती नसली तर डिस्क केसभर सरकून बसते आणि बॅलन्सिंग केलेलं असूनही ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस टायरवाल्याला शिव्या घालत बसतो.

पाटा_तुटला:
मापं राहू द्या हो. त्या अलॉयच्या मागे वजनाचा आकडा काय लिहिलाय, ते आधी वाचा. बोलायचं ते त्यावरच.

हौदा_भरून:
दादा, आरशात धरून वाचलं. ६९० किलो.

पाटा_तुटला:
आणि गाडीच्या पट्टीवर मागच्या अ‍ॅक्सलची क्षमता?

हौदा_भरून:
१७५०.

पाटा_तुटला:
मग तिथेच मिटलं. १७५० चे निम्मे ८७५. एका मागच्या चाकावर एवढं वजन येऊ शकतं आणि डिस्क म्हणते ६९०. शिवाय हौद्यातला माल कधी बरोबर मधोमध नसतो, वळणावर एका बाजूला जातो, खड्ड्यात आदळतो तेव्हा तर विचारूच नका. मोटारीसाठी किंवा हलक्या एसयूव्हीसाठी ओतलेली अलॉय ती. रिकामी गाडी फिरवणाऱ्याला खपून जाईल. तुमच्यासारख्या माल वाहणाऱ्याने त्यांना हात लावू नये.

अलॉयच हवी असेल तर जपानी ‘जेडब्ल्यूएल-टी’ खूण बघा. नुसती ‘जेडब्ल्यूएल’ असते ती प्रवासी गाड्यांची, शेवटचा ‘टी’ असतो ट्रक-बसवर्गाच्या चाचणीचा. खुणेबरोबर किलोचा आकडाही हवाच.

टायरलाही हाच हिशोब. टायरवरचा भारांक (वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा) १०४ म्हणजे ९०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११२ म्हणजे ११२०. डिस्क आणि टायर यातला जो कमकुवत, तोच तुमचा खरा आकडा.

चकाचक:
बरं बाबा, माझा सल्ला मागे. पण ईटी ० ला एवढं काय घाबरता? माझी गाडी सहा वर्षं ईटी ० वर आहे, एकही बेअरिंग गेलेलं नाही.

व्हर्निअर:
तुमच्या हौद्यात सहा वर्षांत काय ठेवलंत, सायकल?

गंमत सोडा, गणित बघू. रुंदी साडेसहावरून आठ झाली म्हणजे दोन्हीकडे १९-१९ मि.मी. वाढ. ईटी ३३ चं ० झालं म्हणजे अख्खं चाक ३३ मि.मी. बाहेर. बाहेरची कड एकूण ५२ मि.मी. बाहेर आली आणि आतली कड १४ मि.मी. बाहेर सरकली. आत जागा मिळाली हे खरं, पण टायर मडगार्डच्या बाहेर, दारावर चिखलाचा सडा, आणि पुढे स्टिअरिंगला प्रत्येक खड्ड्याचा झटका जास्त. बेअरिंग लगेच जात नाही, त्याच्यावरचा पीळ वाढतो आणि ते लवकर गुणगुणायला लागतं. भरलेल्या गाडीत आणखी लवकर. मूळ ईटीच्या पाचेक मि.मी. इकडेतिकडे राहिलात तर फरक जाणवतही नाही.

स्टेपनी_कुठाय:
१६ इंचीवर जायचंच असेल तर टायरची उंची सांभाळा. २३५/७५ आर १५ ची उंची साधारण ७३३ मि.मी. २३५/७० आर १६ ची ७३५, म्हणजे फरक नसल्यात जमा. हौसेने २४५/७५ आर १६ घातलात तर ७७४. साडेपाच टक्के वाढ! काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ वर असेल, आणि भरलेली गाडी चढावर एक गिअर खाली मागेल.

आणि माझ्या नावातला प्रश्न कुणीच विचारत नाही. चार डिस्क घेता, पाचवीचं काय? हौद्याखालच्या साखळीवर मोठं चाक बसतं का ते आधी लटकवून बघा. मी बघितलं नव्हतं. दोन वर्षं स्टेपनी मालाबरोबर हौद्यात फिरवली.

नट_बोल्ट_ताई:
यात नटांचा विषय राहिला. काही अलॉयना सपाट वॉशरवाले, लांब दांड्याचे नट लागतात, लोखंडीला सहसा ६० अंशांचे शंकूसारखे. चुकीचा नट आवळला की तो बसल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो फक्त कडेवर. चार अलॉय आणि स्टेपनी लोखंडी असेल तर स्टेपनीचे सहा नट टूलबॉक्समध्ये वेगळे ठेवा. रात्री रस्त्याच्या कडेला ते आठवून उपयोग नसतो.

अलॉयचं तोंड जाडही असतं, त्यामुळे स्टडचे आटे कमी पडू शकतात. साधा ठोकताळा: स्टडची जाडी जेवढी, तेवढी तरी पकड हवी. १२ मि.मी. चा स्टड आणि दीड मि.मी. अंतराचे आटे असतील तर किमान आठ पूर्ण फेरे. बोटाने फिरवून मोजा.

हौदा_भरून:
अलॉयचं भूत उतरलं. मित्राला निरोप दिला. आता लोखंडीच बघतोय. जुनी चांगली मिळाली तर घ्यावी का, की नवीनच?

पाटा_तुटला:
लोखंडी जुनी घ्यायला हरकत नाही, बघून घ्या. हबवर चढवा, शेजारी एक तार स्थिर धरा आणि चाक फिरवा. काठ तारेजवळ येतो-जातो का ते लगेच दिसतं. मग नटांच्या भोकांभोवती नीट बघा. भोकं लंबगोल झालेली असतील किंवा तिथून केसासारखी चीर निघालेली असेल तर फुकट दिली तरी नको. चीर वेल्ड करून रंगवलेली तर अजिबातच नको. टायर बसतो ती आतली कड बोटाने चाचपा. तिथे गंजाने खड्डे पडले असतील तर आजचंच दुखणं पुन्हा घरी आणाल.

लोखंडी जड असते, दिसायला साधी, पण आदळली की वाकते. अलॉय चिरते. तुमच्या कामाला वाकणारीच बरी.

हौदा_भरून:
मंडळी, काम झालं. पाच लोखंडी डिस्क मिळाल्या, १५ इंची, ईटी ३०, वजनाचा आकडा ९५० किलो. टायर तेच ठेवले. हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून घेतलं, गंजाचा चांगला मूठभर चुरा निघाला. डिस्कना भट्टीतला जाड पावडरचा रंग मारून घेतला आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळल्या.

नट_बोल्ट_ताई:
रंग नटांच्या बैठकीत आणि मागच्या सपाट तोंडावरही मारलात का?

हौदा_भरून:
सगळीकडे. का?

नट_बोल्ट_ताई:
तो जाड थर दाबाखाली चेपतो आणि नट सैल पडतात. मालाला जाऊ नका अजून. डिस्क काढा, त्या दोन्ही जागा खरवडून लोखंड उघडं करा, पुन्हा आवळा आणि ५० ते १०० कि.मी. नंतर परत रेंच लावा.

हौदा_भरून:
ताई, काल खरवडलं. आज ७० कि.मी. रिकामी फिरवून रेंच लावला. वीस नट हलले नाहीत. मागच्या डाव्या चाकाचे चार पाव फेरा गेले. बघितलं तर त्या डिस्कच्या बैठकीत रंग थोडा राहिला होता. उद्या पुन्हा उतरवतोय.