विमान डिझाइन शिकायचं तर ऑनलाइन आधी काय उघडावं: मूळ कागदपत्रं की अभ्यासक्रम?

रिव्हेट (धागाकर्ता)
विमान डिझाइन शिकायला काय बघू, असं विचारलं की लगेच व्हिडिओंची यादी पुढे येते. माझं मत उलट आहे. ज्या आकड्यासोबत वजन, फ्लॅपची (पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणाऱ्या झडपांची) स्थिती आणि वेगाचा प्रकार लिहिलेला नाही, तो डिझाइनमध्ये घेऊच नये. सांगणारा कितीही गोड बोलो.

सेस्ना १७२एस हे छोटं विमान घ्या. स्टॉल वेग (याहून हळू गेलं तर पंख विमान पेलत नाही) ४८ नॉट, असं ठिकठिकाणी सापडतं. पण हे ४८ दोन आहेत: फ्लॅप वर असताना वेगमापकावर दिसणारा, आणि फ्लॅप पूर्ण खाली असतानाचा कॅलिब्रेटेड (मापकाची चूक काढून टाकलेला). फ्लॅप वर असतानाचा कॅलिब्रेटेड वेग ५३ आहे. वजन ११५७ किलो, पंखाचं क्षेत्रफळ १६.२ चौ. मी. धरून समुद्रसपाटीचं गणित करा. ५३ ने कमाल लिफ्ट गुणांक (पंख जास्तीत जास्त किती उचल देतो त्याचं माप) १.५४ येतो, ४८ ने १.८८. बिनफ्लॅपच्या पंखाला १.८८ मानून पंख आखलात, तर तो १८ टक्के लहान पडला म्हणून समजा.

म्हणून आधी विमानाची हस्तपुस्तिका आणि टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे विमानाच्या मंजुरीचं माहितीपत्रक (१७२ साठी अमेरिकी नियामक एफएएची ३ए१२). एअरफॉइलला (पंखाच्या छेदाच्या आकाराला) नासाच्या तांत्रिक अहवालांच्या सर्व्हरवरचा नाका (नासाच्या आधीची संस्था) अहवाल ८२४. बाकी सगळं नंतर.

ट्रिमटॅब
आकड्यांबद्दल मान्य, क्रमाबद्दल साफ अमान्य. ८२४ मधले मुख्य आलेख ३०, ६० आणि ९० लाख रेनॉल्ड्स क्रमांकाचे (वेग, आकार आणि हवेच्या चिकटपणावरून निघणारा आकडा). २० सेंमी कॉर्डचं (पंखाच्या पुढून-मागे रुंदीचं) मॉडेल १५ मी/से वेगाने उडतं तेव्हा तो क्रमांक जेमतेम २ लाख असतो. म्हणजे स्रोत अव्वल आणि उत्तर चूक! तो क्रमांक काढायचा असतो हे नवख्याला सांगणार कोण? डेटा शीट तर नाही सांगत. आधी एमआयटी ओपनकोर्सवेअरसारख्या ठिकाणचा एरोडायनॅमिक्सचा एक अभ्यासक्रम गणितं सोडवून पुरा करा, मग अहवालांत शिरा.

पंखभार
दोन्ही वाचनच झालं. एअरफॉइलचं गणित करणारं एक्सफॉइल आणि विमानाचा आकार आखणारं ओपनव्हीएसपी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पहिल्या आठवड्यातच चालवा. रेनॉल्ड्स क्रमांक एक्सफॉइल स्वतःच मागतं, आपोआप शिकाल.

फक्त इलिनॉय विद्यापीठाच्या एअरफॉइल संग्रहातून फाइल घेताना ती आधी उघडून बघा. एक्सफॉइलला बिंदू मागच्या कडेपासून एका पृष्ठावरून नाकापर्यंत (पुढच्या कडेपर्यंत) आणि दुसऱ्यावरून परत, असे सलग लागतात. काही फाइलींत दुसऱ्या ओळीत नुसती '१७. १७.' अशी बिंदूंची संख्या असते आणि दोन्ही पृष्ठं नाकापासून वेगवेगळी सुरू होतात. त्या तशाच भरल्या तर आकाराचा विचका होतो. शिवाय फाइल घेतल्यावर पॅनल (गणितासाठी आकाराचे छोटे तुकडे) नव्याने पाडून घ्या, नाहीतर नाकापाशी बिंदू विरळ राहून दाबाचा आलेख दातेरी येतो.

रिव्हेट
आणि मग एक्सफॉइलचा कमाल लिफ्ट गुणांक डोळे मिटून घ्यायचा? स्टॉलजवळ ते बऱ्याचदा उदार असतं. एनक्रिट (हवेचा गुळगुळीत प्रवाह कधी खवळतो ते ठरवणारा आकडा) ९ तसाच ठेवून खडबडीत पंखाचा ड्रॅग (हवेचा अवरोध) काढला तर तोही कमी दिसतो. ओपनव्हीएसपीतलं व्होर्टेक्स-लॅटिस गणित (पंखाला भोवऱ्यांच्या जाळ्यात मांडणारं) स्वतःहून स्टॉल दाखवत नाही. कशाशी ताडून बघणार? शेवटी ८२४ शीच ना!

पंखभार
ताडून बघाच, नको कोण म्हणतंय? पण ताडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

लोडफॅक्टर
नियमांचं कुणीच काढलं नाही. 'कमाल लोड फॅक्टर किती', म्हणजे विमानाने वजनाच्या किती पट भार सोसायचा, याचं उत्तर एफएएच्या छोट्या विमानांच्या नियमांत, जुन्या पार्ट २३ मध्ये, थेट सूत्रात होतं: नॉर्मल श्रेणीला २.१ + २४००० ÷ (पौंडातलं वजन + १००००), पण ३.८ च्या वर जायची सक्ती नाही. २०१७ च्या फेररचनेत असे तपशील नियमातून निघाले, आता ते एएसटीएम या मानकं बनवणाऱ्या संस्थेच्या विकतच्या मानकांत आहेत. आजचा पार्ट २३ उघडून सूत्र शोधणारा रिकाम्या हाताने परततो. शिकण्यापुरतं युरोपची नियामक संस्था ईएएसएच्या साइटवरचं सीएस-२३ (पार्ट २३ चा युरोपीय जोडीदार), अमेंडमेंट ४ घ्या. फुकट आहे, आकड्यांसकट आहे.

ट्रिमटॅब
हा मुद्दा माझ्याच बाजूचा. अधिकृत कागद आहे, ताजा आहे, तरी शिकणाऱ्याला निरुपयोगी, आणि जुनी आवृत्ती बघायची हे माहितगारानेच सांगावं लागलं.

रिव्हेट
माहितगाराने सांगितलं खरं, पण पाठवलं कुठे? मूळ कागदाकडेच.