'आत्मचरित्र', 'आठवणी' की 'कैफियत'?

प्रश्न : आधुनिक चीनच्या राजकारणावर मराठीत लेख लिहिते आहे. साधनांमध्ये सेनानी पेंग देहुआई, शेवटचा सम्राट पुयी आणि कम्युनिस्ट पक्षाचे माजी सरचिटणीस झाओ झियांग यांची पुस्तकं आहेत. तिन्हींना 'आत्मचरित्र' म्हटलं तर चालेल ना?

उत्तर : माझं मत विचाराल तर नको. चिनीत आठवणींच्या पुस्तकाला 'हुईयीलू' म्हणतात. 'हुईयी' म्हणजे आठवण आणि 'लू' म्हणजे नोंद. त्याला आपला साधा 'आठवणी' शब्द पुरतो. पण पेंग यांच्या पुस्तकाच्या नावात 'झीशू' आहे, म्हणजे स्वतःविषयी स्वतः सांगितलेलं. इंग्रजी भाषांतरात त्याचं 'मेमॉयर्स' झालं आणि खरी गोष्ट तिथेच झाकली गेली.

जुलै 1959 मध्ये लुशान इथल्या पक्षाच्या बैठकीत पेंग यांनी 'मोठी झेप' या झपाट्याने उत्पादन वाढवण्याच्या माओंच्या मोहिमेतल्या चुका दाखवणारं पत्र माओंना दिलं आणि त्यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं. पुढे माओंनी 1966 मध्ये सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत ते कैदेत असताना चौकशी करणाऱ्यांनी त्यांच्याकडून आयुष्याचा हिशेब पुन्हा पुन्हा लिहून घेतला. 1974 मध्ये ते वारले. 1981 चं पुस्तक मुख्यतः त्या कागदांतून जुळवलेलं आहे. आत्मचरित्र म्हटलं की निवांत बसून लिहिणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे तर आरोपांना उत्तर देणारा माणूस आहे. आपल्या दिवाणी कोर्टात वादीच्या दाव्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो, त्याला 'कैफियत' म्हणतात. पेंग यांच्या पुस्तकाला हाच शब्द बसतो. जपानी फौजांविरुद्धच्या 1940 च्या 'शंभर रेजिमेंट' मोहिमेवरूनही त्यांच्यावर ठपका होता, म्हणून त्या मोहिमेवरची पानं वाचताना आधी आरोप काय होता ते पाहावं लागतं.

पुयींचं पुस्तक आणखी वेगळं. फुशुनच्या तुरुंगात लिहून घेतलेला कबुलीजबाब हे त्याचं मूळ, त्यावर संपादकाचा हात फिरला आणि ते 1964 मध्ये छापलं गेलं.

दुसरं मत : शब्द आवडला, पण आज 'कैफियत मांडली' म्हटलं की लोकांना गाऱ्हाणंच वाटतं. पेंग तक्रार करत होते असा समज होईल.

उत्तर : हरकत रास्त आहे. 'चौकशीत दिलेली लेखी कैफियत' असं पहिल्यांदा पूर्ण लिहा, मग नुसतं 'कैफियत' चालेल. झाओंना मात्र तो शब्द लावू नका. 1989 च्या तिआनमेन आंदोलनानंतर नजरकैदेत असताना त्यांनी गुपचूप सुमारे 30 कॅसेट भरल्या, त्याही मुलांच्या गाण्यांच्या आणि पेकिंग ऑपेराच्या जुन्या कॅसेटवर. त्यांच्यासमोर कुणी चौकशी अधिकारी बसलेला नव्हता. ते 2005 मध्ये गेले आणि पुस्तक 2009 मध्ये आलं. त्याला 'ध्वनिमुद्रित निवेदन' म्हणा.

तिसरं मत : माओंचे डॉक्टर ली झिसुई यांचंही पुस्तक वापरणार असाल तर 'रोजनिशी' लिहू नका. मूळ रोजनिश्या त्यांनी 1966 मध्ये जाळल्या. पुस्तक नंतर स्मरणातून लिहिलेलं आहे. तिथे 'आठवणी' हाच शब्द अक्षरशः खरा.

प्रश्नकर्ती : मग तिन्हींना तीन वेगळे शब्द वापरते, आणि प्रत्येकाच्या पुढे तो मजकूर कधी, कुठे, कुणासाठी लिहिला किंवा बोलला गेला तेही देते.