अनुभव धागा : नाराची हरणं आणि आपण

मंडळी, क्योटो-ओसाकाला जाणारे आपले बरेच जण एक दिवस काढून नाराला जाऊन येतात. परतल्यावर फोटो दाखवतात तो बहुतेक एकच : हातात बिस्कीट आणि समोर मान लववणारं हरीण. त्या फोटोच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं, ते इथे लिहा अशी आग्रहाची विनंती. कुठल्या ऋतूत गेलात, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत होती का, काय खटकलं, काय मनात राहिलं. हरणं मोकळी फिरतात अशी दुसरी एखादी जुनी बाग पाहिली असेल तर तेही लिहा.

आधी थोडी पार्श्वभूमी. नारा आठव्या शतकात जपानची राजधानी होतं. तिथलं कासुगा ताइशा हे देवस्थान ७६८ सालचं. ताकेमिकाझुची हा देव काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून इथल्या मिकासा डोंगरावर आला अशी श्रद्धा आहे, म्हणून हरणं देवाची दूत. त्यांना मारणाऱ्याला देहदंड होता. तो कायदा मोडल्याची शेवटची नोंद १६३७ची. नारा उद्यान म्हणून रीतसर सुरुवात १८८०मध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसांनाच खायला नव्हतं, आणि १९४५ साली इथे फक्त ७९ हरणं उरली होती. १९५७ पासून त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा आहे आणि आज ती तेराशेच्या वर आहेत. कुंपण नाही, मालक नाही. कागदोपत्रीही ती रानटी जनावरंच आहेत, आणि सगळ्यांनी लिहिताना हे ध्यानात ठेवलं तर बरं.

ओसाकाहून

इथे राहते, त्यामुळे भारतातून कोणी आलं की नारा ठरलेलंच. नाम्बाहून किन्तेत्सुच्या गाडीने साधारण चाळीस मिनिटं. जेआर या दुसऱ्या रेल्वे कंपनीचं नारा स्टेशन बागेपासून बरंच लांब आहे. सोबत आजी-आजोबा असतील तर किन्तेत्सुच धरा. स्टेशनातून वर येऊन पूर्वेकडे चालायला लागलं की थोड्याच वेळात पहिली हरणं दिसतात, आणि ती बागेच्या आत नव्हे, फुटपाथवर, दुकानांसमोर.

खायला द्यायचं ते फक्त शिका सेनबे, म्हणजे हरणांसाठीची खास बिस्किटं. तांदळाचा कोंडा आणि गव्हाचं पीठ, साखर अजिबात नाही. मी शेवटचा घेतला तेव्हा दहा बिस्किटांचा गठ्ठा २०० येनला होता. त्याला बांधलेली कागदी पट्टी हरणाने खाल्ली तरी चालावी अशीच केलेली असते, आणि त्या पट्टीच्या पैशातून हरणांची निगा राखणाऱ्या संस्थेचं काम चालतं. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे विकणाऱ्या मावशींच्या समोर, उघड्यावर गठ्ठे रचलेले असतात आणि शेजारी उभी हरणं त्यांना तोंड लावत नाहीत. तोच गठ्ठा आपल्या हातात आला की मात्र चारही बाजूंनी येतात.

गठ्ठा घेतलात की पटापट वाटा. फोटो नीट येईना म्हणून बिस्कीट उंच धरून हरणाला पुन्हापुन्हा मान हलवायला लावणारी माणसं दिसतात आणि मला त्याचा फार राग येतो. बराच वेळ काही मिळालं नाही की तेच हरीण पुढच्या क्षणाला ढुशी देतं किंवा कमरेला चावतं. बागेत जागोजागी पाट्या आहेत, त्यांवर चित्रंच काढली आहेत : चावणं, लाथ मारणं, ढुशी देणं, पाडणं. बिस्किटं संपली की दोन्ही तळवे उघडे करून दाखवा. त्यांना ते नेमकं कळतं, निघून जातात.

पुण्याहून

आईला घेऊन गेले होते. ती परदेशातही सुती साडीच नेसते. तोदाइजी या बौद्ध मंदिराच्या नान्दाइमोन दरवाजाजवळ ती जरा टेकली, आणि मागून एका मादीने तिचा पदर तोंडात धरला. मी धावले, पण आई शांत. ओढाताण केली नाही, मागे वळून तिला मराठीत म्हणाली, "सोड गं बाई, ते खायचं नाही." झाडू मारणाऱ्या एका वयस्कर जपानी काकूंनी दोन्ही हात पुढे करून रिकामे तळवे दाखवले, मादीने पदर सोडला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. पदर ओला, चुरगळलेला, पण एक धागा उसवला नव्हता. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती कापत नाहीत, खालच्या दातांनी दाबून ओढतात. जवळून बघितलं तर खालच्या दातांची बारीक ओळ दिसते आणि वर नुसती टणक हिरडी.

आईने नंतर सगळ्यांना सांगितलं ते दाइबुत्सूबद्दल, म्हणजे मंदिरातल्या भव्य बुद्धमूर्तीबद्दल नाही, त्या मादीच्या पापण्यांबद्दल. वयस्कर बायकांना न्या, जरूर न्या. फक्त पदर खोचायला सांगा, आणि पिशवीतून कागद बाहेर डोकावू देऊ नका. नकाशा, तिकीट, रुमाल, सगळं जातं.

टोकियोहून

ऑक्टोबरमधला शिंगं कापण्याचा सोहळा, त्सुनोकिरी, मुद्दाम बघायला गेलो. १६७२ पासून चालत आलेली प्रथा. माजावर आलेले नर शरद ऋतूत एकमेकांना भिडतात आणि मधे येईल त्या माणसालाही शिंगावर घेतात. गावात माणसं जखमी व्हायला लागली म्हणून हा मार्ग काढला गेला.

गोल मैदानात नर सोडतात. जाकीट घातलेली, डोक्याला पट्टी बांधलेली माणसं दोरीचे फासे घेऊन उभी असतात. नर गोल गोल धावतो, माती उडते, दोर शिंगात अडकतो, मग खांबाला गुंडाळत गुंडाळत त्याला जवळ आणतात. इथवर बघताना जीव खालीवर होत होता. मग तीन-चार जण त्याला धरून चटईवर निजवतात, डोक्याखाली उशी देतात. होय, उशी. पुरोहित त्याच्या तोंडात थोडं पाणी घालतो, शांत व्हावा म्हणून, आणि करवत चालवतो. त्या सुमारास शिंगं वाळून हाडासारखी झालेली असतात, रक्त वाहत नाही, वसंतात नवीन फुटतात. शिंगं देवाला वाहतात. सोडलेला नर उठतो, डोकं झटकतो आणि धूम ठोकतो.

प्राणिप्रेमी मित्रांशी माझा यावर बराच वाद झाला. पळापळीत हरणाला ताण येतो हे खरंच आहे, आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा कमी असता तर मला जास्त आवडलं असतं. पण शहराच्या मधोमध, शाळेच्या वाटेवर, कुंपणाशिवाय तीनशेवर नर नांदवायचे तर त्यांना डांबणं किंवा मारणं हेच दुसरे रस्ते उरतात. या गावाने करवत निवडली, आणि मला ती निवड पटते.

नागपूरहून

जंगलखात्याच्या लोकांबरोबर बरंच फिरलेला माणूस आहे, त्यामुळे माझं लक्ष हरणांपेक्षा झाडांकडे गेलं. नारा उद्यानात कुठेही उभे राहा आणि झाडांच्या खालच्या कडा बघा : माणसाच्या डोक्याच्या जरा वर सगळी पानं एका रेषेत संपलेली. हरणाची मान पोचते तिथपर्यंत फस्त. खाली उरतं ते त्यांना न चालणारं. असेबी नावाचं विषारी झुडूप जागोजागी माजलंय, कारण त्याला कोणी तोंड लावत नाही. तिथली खाजकुयलीसारखी आग करणारी इराकुसा इतर ठिकाणच्या इराकुसापेक्षा कितीतरी जास्त काटेरी केसांची आहे. शेकडो वर्षं चरणाऱ्या तोंडांनी वनस्पती घडवली आहे.

आणि ते मऊ गवत! तेराशे हरणांच्या लेंड्या रोज पडूनही कुरणात घाण नाही, कारण शेणकिडे आहेत. त्यातला एक निळा, धातूसारखा चकाकणारा. गुडघ्यावर बसून एका लेंडीकडे बघत राहिलो. खालची माती हलली, निळी पाठ वर आली, लेंडीचा तुकडा घेऊन पुन्हा आत. गवताचं बी हरणाच्या पोटातून गेलं की चांगलं रुजतं, हेही तिथलंच.

लोक विचारतात, ही पाळीव झालीत ना? नाही. जनुकांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नाराच्या हरणांचा वंश हजाराहून जास्त वर्षं आसपासच्या हरणांपासून वेगळा राहिलेला आहे. देवस्थानाच्या संरक्षणाने एक रानटी कळप इतका काळ टिकला. उलट, बागेबाहेरच्या गावांत ती शेतात शिरतात, शेतकऱ्यांना कुंपणं घालावी लागतात, आणि २०१७ पासून बाहेरच्या पट्ट्यात ठरावीक संख्येने हरणं मारायला परवानगी आहे. विदर्भात रानडुक्कर-नीलगायींनी पीक उद्ध्वस्त झालेलं बघितलेल्या माणसाला ती बाजू समजते. फोटो बघून सगळं गोड आहे असं मानणाऱ्यांनी एकदा त्या शेतकऱ्यांचाही विचार करावा.

लंडनहून

आमचं रिचमंड पार्क. पहिल्या चार्ल्स राजाने १६३७मध्ये शिकारीसाठी भिंत घालून घेतलं. साधारण ९५५ हेक्टर, आणि लाल हरणं व फॅलो हरणं मिळून सहाशेच्या वर. इथला नियम नाराच्या अगदी उलट : निदान ५० मीटर लांब राहा, खायला काहीही देऊ नका. मी नारालाही जाऊन आलोय आणि मला रिचमंडची पद्धत जास्त रुचते. ऑक्टोबरच्या पहाटे धुक्यात लाल नराची डरकाळी ऐकू येते ती लांबूनच चांगली. दर वर्षी कोणीतरी पोराला हरणाशेजारी उभं करून फोटो काढतं आणि बघणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो.

छत्रपती संभाजीनगरहून

नाराला गेल्यावर मला अजिंठा आठवला. पहिल्या लेण्यात बुद्ध धर्मचक्रमुद्रेत बसलेला आहे आणि आसनाखाली चक्र व हरणं कोरली आहेत : सारनाथचं मृगदाव, पहिला उपदेश. त्याच लेण्यातल्या एका स्तंभावर एकाच डोक्याची चार हरणं आहेत. कुठल्याही धडाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं.

आता दुसरं टोक. तोदाइजीचा दाइबुत्सू, पंधरा मीटर उंच, त्याचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली झाला आणि तो केला भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने. ब्रशला लांब दोर बांधले होते, जमलेल्यांनी ते धरले होते, म्हणजे बुबुळं रंगवण्यात सगळ्यांचा हात लागला. तो ब्रश आणि तो दोर नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपलेला आहे. नाराची हरणं शिंतो या जपानच्या मूळ धर्मातल्या देवाची, सारनाथची हरणं बुद्धाची, हे मला ठाऊक आहे. पण मंदिराच्या पायरीवर रवंथ करणाऱ्या हरणासमोर उभं राहून आपल्याकडचा एक माणूस साडेबाराशे वर्षांपूर्वी इथवर आला होता हे आठवलं आणि मी तिथेच हात जोडले.

बंगळुरूहून

थोडक्यात, पण महत्त्वाचं. २०१९ साली मेलेल्या १४ हरणांपैकी नऊंच्या पोटात प्लास्टिक सापडलं, एकीच्या पोटात ४.३ किलो. बिस्किटांच्या वासाच्या पिशव्या, वेष्टणं गिळलेली. पोट भरल्यासारखं वाटतं, खाणं सुटतं, जनावर झिजून मरतं. त्यानंतर तिथल्या काही उद्योगांनी तांदळाचा कोंडा आणि कागदाचा लगदा वापरून हरणाला चालेल असा पिशवीचा कागद काढला. कौतुक आहेच, पण आपल्या पाठीवरची चिवड्याची पिशवी त्या कागदाची नसते. लेकीला मी सॅकची चेन लावूनच आत नेलं, आणि कचरा हॉटेलवर परत.

नाशिकहून

हिवाळ्यात गेलात तर सकाळी तोबिहिनोच्या कुरणावर शिकायोसे असतो का ते चौकशी करून ठेवा. १८९२ पासूनची प्रथा. एक जण हॉर्नवर बीथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीतली धून वाजवतो आणि झाडीतून हरणं धावत येतात. त्यांना ओकची फळं देतात, जी लोक लांबून गोळा करून पाठवतात. गारठा, दवाने पांढरं गवत, आणि टापांचा आवाज आधी ऐकू येतो, हरणं मागाहून दिसतात.

नागोयाहून

पाडसांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मे ते जुलै हा वीण्याचा काळ. पोटुशा माद्यांना वसंतातच रोकुएन या कुंपणात आणून ठेवतात आणि जूनमध्ये काही दिवस लोकांना बाळं बघायला मिळतात. पण काही माद्या बाहेरच वितात. गवतात एकटंच पडलेलं पाडस दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं, आईनेच लपवून ठेवलेलं असतं आणि ती जवळपास असते. हात लावला, माणसाचा वास लागला, तर आई त्याला नाकारू शकते. शिवाय या दिवसांत माद्या पाडसासाठी अंगावर धावून येतात, पुढच्या पायांनी मारतात. माझा मुलगा तेव्हा चालायला शिकला होता आणि पाडसाकडे झेपावत होता. आम्ही त्याला कडेवरून खाली ठेवलं नाही, रोकुएनच्या कठड्यापाशीच दाखवलं. तुमची मुलं लहान असतील आणि सुट्टी जूनचीच असेल, तर तेच करा, आणि रोकुएन कोणत्या वेळेत उघडं आहे ते निघण्याआधी बघून घ्या.