मदत हवी आहे: चुनखडकातलं जस्त-शिसं. मॅग्मा नाही, मग उष्णता कुठली?

मुदखेडचा_दगड:
एमएस्सी जिऑलॉजी, दुसरं सेमिस्टर. आमच्याकडं जिकडं बघावं तिकडं बसाल्ट, त्यामुळं चुनखडकातलं धातुक (ज्यातून धातू काढतात तो दगड) फक्त आकृतीत. एमव्हीटी, म्हणजे मिसिसिपी खोऱ्याच्या प्रकारचे साठे, यात दोन ठिकाणी अडलंय. आसपास ग्रॅनाइटसुद्धा नाही, तर पाणी १००-१५० अंश तापतं कशानं? आणि धातू चुनखडकातच का बसतो? ‘चुना आम्ल मारतो म्हणून’ लिहिलं तर मार्क कापले.

डोलोमाइटराव:
तापायला खोली पुरते. किलोमीटरला २५-३० अंश धरा, ४ किमीवर पृष्ठभागाचे २५ मिळवले की १२५-१४५ होतात. गाळाच्या खोऱ्यातलं हे पाणी भयंकर खारं, १०-३०% मीठ (समुद्रात साडेतीन). त्यातल्या क्लोराइडला धरून जस्त-शिसं चालतं. शेजारी डोंगर उचलला गेला की पाणी खोऱ्याच्या कडेला ढकललं जातं.

मार्क गेले ते गंधक विसरल्यामुळं. धातू आणि हायड्रोजन सल्फाइड एकाच पाण्यात फार मावत नाहीत. भेटले की सल्फाइड (धातू-गंधकाचं संयुग) खाली बसतं. म्हणून धातूचं पाणी एकीकडून येतं, हायड्रोजन सल्फाइड बहुधा जागेवर असतो, जिवाणूंनी किंवा सेंद्रिय पदार्थानं सल्फेट मोडून केलेला. सल्फाइड बसताना आम्ल सुटतं, ते खडक खातं, पोकळी वाढते, छत कोसळून ब्रेशिया (कोनदार तुकड्यांचा खडक) होतो, त्या फटींत पुन्हा धातुक. तुमचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं.

मुदखेडचा_दगड:
सर, उदाहरण म्हणून राजस्थानातली झावरची खाण चालेल? आणि लॅबमध्ये लेबल गळालेला एक जड करडा तुकडा आहे, गॅलेना (शिशाचं सल्फाइड) का?

डोलोमाइटराव:
झावर डोलोमाइटमध्येच (मॅग्नेशियम असलेला चुनखडकाचा भाऊ) आहे, पण त्याच्या प्रकारावर वाद आहे. सरळ एमव्हीटी म्हणू नका. मिसुरीतला व्हायबर्नम पट्टा लिहा, तो शिशाचा. राजस्थानातलंच रामपुरा-आगुचा तर मुळीच नको, तिथं नाइस (रूपांतरित खडक) आहे.

तुकडा दोऱ्यानं बांधून आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोला. हवेत १५० ग्रॅम, पाण्यात १३० आले तर १५० भागिले २० (वजनातली घट), म्हणजे पाण्याच्या साडेसातपट जड: गॅलेना. चारच्या आसपास आलं तर स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड). कॅल्साइट (चुनखडकाचं हलकं खनिज) चिकटलेला असेल किंवा फटीत बुडबुडे राहिले तर आकडा कमी येतो, म्हणून आधी ब्रशनं घासून ओला करा.

शंका राहिली तर स्ट्रीक प्लेटवर (चिनी मातीची खरखरीत फरशी) घासा: गॅलेनाची रेघ शिशासारखी करडी, स्फॅलेराइटची फिकट पिवळी-तपकिरी. स्फॅलेराइटच्या भुकटीवर पातळ हायड्रोक्लोरिकचा थेंब टाकला तर सडक्या अंड्याचा वास येतो. थेंबाच्या अगदी वर नाक नेऊ नका, खिडकी उघडी ठेवा. गॅलेना मात्र कुटू नका, शिशाची धूळ उडते.