फॉरवर्डातलं ओझोनचं भोक आणि आपलं ऊन

करडा_ढग: "ओझोनला भोक पडलं म्हणून विदर्भात पारा ४५ वर." हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय, म्हणून लिहितो. अहो, भोक अंटार्क्टिकावर, तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात, डिसेंबरपर्यंत बुजतं. ओझोनच्या थराची जाडी मोजतात डॉबसनमध्ये; ती २२० डॉबसनच्या खाली गेली तरच भोक. आपल्याकडे थर मुळातच पातळ, साधारण २५०-२८०. त्याला भोक म्हणत नाहीत. ओझोन अडवतो ते अतिनील किरण; जमिनीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेत ते जेमतेम ५ टक्के, त्यानं पारा चढत नाही. मेच्या मध्यात सूर्य पुण्याच्या थेट डोक्यावर येतो, म्हणून यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनीलचा जोर सांगणारा आकडा, ११ ओलांडतो. एवढंच.

त्रिज्या: "एवढंच"? ओझोन १ टक्का घटला की त्वचा भाजणारं अतिनील सुमारे १.२ टक्के वाढतं. आणि तापमानवाढीनं उष्ण कटिबंधावरचा हवेचा वर चढणारा प्रवाह जोर धरतो; तिथला खालच्या स्थितांबरातला (ओझोनचा थर असतो त्या वरच्या हवेतला) ओझोन ध्रुवांकडे वाहून जातो. ओझोन खाणारे वायू थांबवणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारानं सगळं मिटलं असं समजू नका.

करडा_ढग: बरं बाई, टक्का-दोन टक्के घ्या. त्याहून मोठा फरक ढग आणि धूळ-धूर पाडतात. विरळ ढगांच्या कडांवरून किरण परततात आणि काही मिनिटं निर्देशांक निरभ्र दिवसापेक्षाही वर जातो. हवा स्वच्छ झाली तर जमिनीवर अतिनील वाढेल. मग धूर जपायचा का?

थंडगार: धूर राहू द्या, एसीवाल्यांचं बोला! दर उन्हाळ्यात "गॅस संपला" म्हणत आर-२२, म्हणजे जुन्या एसीतला ओझोन खाणारा गॅस, भरतात. बंद यंत्रणेतला गॅस संपेल कसा? गळतोय! बहुतेकदा पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी. आधी नायट्रोजन दाबून साबणाचा फेस लावा, गळती बुजवा, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे आत उरलेल्या दाबाचं माप) व्हॅक्यूम खेचा, पंप बंद करून काटा चढत नाही ना ते बघा, मग वजनकाट्यावर तोलून गॅस. इथे नुसता प्रेशर बघून भरतात आणि उरलेला हवेत सोडतात.

त्रिज्या: आर-२२ चा ओझोनवर मार सीएफसी-११ या त्याहून जुन्या गॅसच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. नव्या एसीतल्या आर-३२ मध्ये तर ओझोन खाणारं क्लोरीनच नाही.

थंडगार: म्हणून सोडायचा? आर-३२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट तापवतो. रवांडातल्या किगालीत २०१६ साली जगानं असे गॅस टप्प्याटप्प्यानं घटवायचं ठरवलं, आणि तो वर चढणारा प्रवाह तापमानवाढच जोरात करते म्हणालात ना?

त्रिज्या: तेवढं बरोबर. पण निदान व्हॅक्यूमचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार असतं का, तेही लिहा.

करडा_ढग: धागा अतिनीलचा होता हो.