न्यू ऑर्लिन्स १८९१: अकरा झुंडबळी आणि कोलंबसाचा पुतळा

लिंबाची_पेटी (धागाकर्ता)

मार्चात न्यू ऑर्लिन्सला होतो. १९ तारखेला तिथली सिसिलियन मंडळी सेंट जोसेफची वेदी मांडतात. तीन पायऱ्या, पांढरी चादर, नक्षीचे पाव, अंजिराची बिस्किटं. थेट आपल्या गौरीपुढची आरास! निघताना एका आजींनी वाळलेली फावा बी (वालासारखं कडधान्य) तळहातावर ठेवली. पाकिटात ठेव, पैसा आटत नाही म्हणाल्या. मी १४ मार्चचा विषय काढला, तर बीवर माझी मूठ मिटवत म्हणाल्या, "आमच्या घरात ते बोलत नसत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथला पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याला रात्री घरी जाताना गोळ्या घातल्या. कुणी मारलं विचारल्यावर तो "डेगो" म्हणाला, असं एका सहकाऱ्याने सांगितलं. डेगो म्हणजे इटालियनांसाठीची शिवी. नंतर इस्पितळात तो कित्येक तास शुद्धीवर होता, पण नाव एकाचंही घेतलं नाही. महापौर शेक्सपिअर (हो, खरंच हेच आडनाव) यांनी इटालियनांची सरसकट धरपकड करवली. १९ जणांवर आरोप, पैकी नऊ जणांवर खटला. १३ मार्च १८९१ ला निकाल लागला: सहा निर्दोष, तिघांवर ज्युरीचं एकमत नाही. तरी सगळे पुन्हा तुरुंगातच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात प्रतिष्ठितांच्या सह्यांचं आवाहन छापून आलं. कनाल स्ट्रीटवर हेन्री क्ले यांच्या पुतळ्यापाशी जमा, तयारीनिशी या! पार्करसन नावाच्या वकिलाने भाषण ठोकलं आणि हजारोंचा जमाव तुरुंगावर गेला. अकरा जण मारले. नऊ आत गोळ्यांनी, दोघांना बाहेर ओढून टांगलं. अकरांपैकी पाच जणांवर तर अजून खटलाच चालला नव्हता.

इटलीने राजदूत परत बोलावला (त्याचंही आडनाव फावा, काय योगायोग!). १८९२ च्या एप्रिलात अमेरिकेने २५,००० डॉलर भरपाई दिली आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी, कोलंबस (मूळचा इटलीचाच) अमेरिकेत पोहोचल्याला ऑक्टोबरात ४०० वर्षं भरणार म्हणून, राष्ट्रीय उत्सव जाहीर केला. तिथल्या इटालियन समाजाला सन्मानाने मिळालेली ती पहिली गोष्ट. २०२० मध्ये वर्णद्वेषविरोधी आंदोलनांत कोलंबसाचे पुतळे उखडताना हे कुणी लक्षात घेतलं का? माझं मत: नाही, आणि ते चुकलं. अमेरिकेतल्या या सर्वांत मोठ्या सामूहिक लिंचिंगची दुसरी खूण कुठे आहे?

तिरकस_तात्या

लेख छान, पण एक बाजू गाळलीत. धक्क्यावर मात्रांगा आणि प्रोव्हेन्झानो या दोन सिसिलियन घराण्यांत फळांची जहाजं उतरवण्याच्या कंत्राटावरून वैर होतं. मे १८९० मध्ये मात्रांगांच्या माणसांवर दबा धरून गोळीबार झाला होता. ज्युरी फोडल्याचेही आरोप होते. लोक उगाच पेटत नाहीत.

लिंबाची_पेटी

तात्या, वैर होतंच. म्हणून तर खटला होता! गंमत अशी की ज्याला लोक टोळीचा म्होरक्या म्हणत तो चार्ल्स मात्रांगा आत लपून वाचला. मेले ते बरेचसे फळवाले, चांभार, हमाल असले लोक. 'उगाच पेटत नाहीत' म्हणता, तर १८९९ चं टलुला घ्या, लुइझियानाच. एका सिसिलियन दुकानदाराची बकरी डॉक्टरच्या ओसरीवर चढायची. डॉक्टरने बकरीला गोळी घातली, त्यावरून भांडण, आणि शेवटी पाच सिसिलियन टांगले गेले. तिथे कुठला माफिया? बकरी?

तिरकस_तात्या

बकरीपुढे माघार. ज्युरीचा मुद्दा सोडत नाही.

खारं_पाणी

माझा विरोध तात्यांसारखा नाही, मूळ मांडणीलाच आहे. "सर्वांत मोठं लिंचिंग" हे वाक्य इंटरनेटवर सगळीकडे फिरतं आणि ते धड नाही. त्याच लुइझियानात १८७३ ला कोलफॅक्स इथे गोऱ्या जमावाने काळ्या माणसांची कत्तल केली. आकड्यांवर वाद आहे, पण कमीत कमी आकडाही ६० च्या पुढे जातो. १८८७ ला थिबोडो इथे संपावरचे ऊसमजूर मारले, कित्येक डझन. न्यू ऑर्लिन्सपासून काही तासांवर, अवघी चार वर्षं आधी. त्यांना 'कत्तल' म्हणायचं आणि याला 'लिंचिंग', की झाला विक्रम! टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदीत १८८२ ते १९६८ मध्ये लिंचिंगचे ४,७४३ बळी आहेत, त्यांत ३,४४६ काळे. त्यांतल्या किती घरांना परदेशी राजदूत होता? किती जणांना २५,००० मिळाले?

आणि कायद्याच्या दृष्टीने इटालियन पहिल्या दिवसापासून 'गोरे' होते. नागरिकत्व मिळे, मत देता येई. १९२३ मध्ये पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद (क्रांतिकारक नव्हेत) नागरिकत्वासाठी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले तेव्हा कोर्टाने स्पष्ट सांगितलं, तुम्ही गोरे नाही. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित, त्यांच्याही नागरिकत्वावर मग सरकारने दावा लावला. ते जिंकले, ही वेगळी गोष्ट. पण त्यांना कोर्टात भांडून मिळालं ते सिसिलीच्या हमालाला बोटीतून उतरल्यापासून खुलं होतं.

लिंबाची_पेटी

शीर्षकात ते नव्हतं पण लेखात होतं, मान्य. "सर्वांत मोठं" मागे घेतो. कोलफॅक्स मला माहीत होतं आणि तरी लिहून गेलो, हे जास्त वाईट.

पण कागदावर गोरा आणि रस्त्यावर गोरा यात फरक होता. अमेरिकी सरकारच्या इमिग्रेशनच्या तक्त्यांत उत्तर इटालियन आणि दक्षिण इटालियन हे दोन वेगळे वंश म्हणून मोजत. लिंचिंगनंतर न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात सिसिलियनांना दरोडेखोरांची अवलाद म्हटलं. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा सरकारी अधिकारी होते, बहिणीला पत्रात लिहितात की एकंदरीत बरंच झालं. १९२४ च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्या स्थलांतरितांचा वार्षिक कोटा ३,८४५ वर आणला.

खारं_पाणी

इटलीला ३,८४५, आपल्याला शून्य. पुढे?

ओसरी

जर्सीतून लिहितेय. माझ्या घरमालकीणबाई मूळच्या कालाब्रियाच्या, म्हणजे दक्षिण इटलीतल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आजोबांकडचा रेडिओ पोलीस घेऊन गेले, 'शत्रुदेशाचे नागरिक' म्हणून. त्या वेळी नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन त्या यादीत होते. जो डिमॅजिओ देशाचा लाडका बेसबॉलपटू, आणि त्याच्या वडिलांना सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर मासेमारीला जायची बंदी! हे निर्बंध उठवल्याची घोषणाही १२ ऑक्टोबरला, कोलंबस दिनीच केली.

आता दुसरी बाजू. या बाई १९८७ चं जर्सी सिटीही सांगतात. 'डॉटबस्टर्स' नावाने पोरं भारतीयांना मारत होती. नाव कशावरून, तर बायकांच्या कपाळावरच्या टिकलीवरून. स्थानिक पेपरात धमकीचं पत्र आलं होतं. तेव्हा त्यांच्याच गल्लीतले इटालियन म्हातारे म्हणायचे, "हे लोक आपल्यासारखे मिसळत नाहीत." बाई हसून सांगतात, मला हसू येत नाही.

तिरकस_तात्या

हे पटलं. ज्याला काल जागा मिळाली तोच आज डब्याचं दार धरून उभा राहतो. लोकलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

खारं_पाणी

ओसरीताईंनी माझंच म्हणणं जास्त नीट मांडलं. आता कोलंबस. १८९२ चा उत्सव काँग्रेसच्या ठरावावरून झाला, ४०० वर्षं भरत होती म्हणून. शाळाशाळांत ध्वजाची शपथ सुरू झाली ती त्याच निमित्ताने. हॅरिसनच्या घोषणेत त्या अकरा जणांचा अवाक्षराने उल्लेख नाही. इटालियन मतांचा हिशोब असेलही, पण 'माफी म्हणून दिन दिला' ही नंतर चिकटवलेली गोष्ट आहे. खरी माफी २०१९ च्या एप्रिलात न्यू ऑर्लिन्सच्या महापौर लाटोया कँट्रेल यांनी मागितली, आणि त्या स्वतः कृष्णवर्णीय. यावर तुमच्या लेखात एक ओळ नाही.

लिंबाची_पेटी

त्या ओळीची कमतरता कबूल, लेखात घालतो. पण घोषणेत उल्लेख नसला तरी लोकांनी त्या दिवसाला जे मानलं ते खोटं ठरतं का? ज्या घरांत १४ मार्च बोलत नसत, त्यांना १२ ऑक्टोबरला मिरवता तरी येत होतं.

खारं_पाणी

मिरवायला माणूस तो निवडला, ज्याने हैतीच्या बेटावरचे लोक गुलाम करून स्पेनला पाठवले. पुतळाच हवा तर त्या अकरांपैकी एखाद्या फळवाल्याचा उभारा, वर्गणी मी देतो. कोलंबसासाठी छदामही नाही.

ओसरी

अवांतर: ती फावा बी अजून पाकिटात आहे का?

लिंबाची_पेटी

आहे. पैसा मात्र आटतोच आहे.